शिवेबाहेर गेलेली पोथी

आमच्या घरात वस्तू लपवायला एकच जागा आहे, ती म्हणजे देवघराची फळी. बाकी घरभर भांडी. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या भिंतीला भांड्यांनी कधीच जुमानलं नाही. लग्न होऊन मी आष्टीजवळच्या कडा गावात आले त्याच आठवड्यात माझ्या पेटीवर परातींची चळत चढली. त्या पराती विकल्या गेल्या, दुसऱ्या आल्या, पण माझी पेटी काही मोकळी झाली नाही. देवघराच्या फळीवर मात्र कुणी भांडं ठेवत नाही, कारण तिथं आत्याबाईंचं राज्य आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, इरकल नेसणारी बाई. सकाळी अंघोळ करून कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले की दिवसभर घरात त्यांचाच शब्द. अक्षर ओळखत नाहीत, पण भांड्यावर टिचकी मारून कुठल्या गावच्या कारागिराचं आहे ते सांगतात. प्रवासाला वाघीण. दरवर्षी नारायणगडाला दर्शनाला जातो तेव्हा एसटीत मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसते, पोटात नुसतं ढवळत असतं. आणि आत्याबाई मागच्या चाकावरच्या सीटवर बसून खारे शेंगदाणे खात रस्त्यातली सगळी गावं मला मोठ्यानं सांगत असतात. मधूनच आवळासुपारीची चिमूट माझ्या तोंडात कोंबतात. एवढं एसटीचं कौतुक मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

तर त्या फळीवर मी माझं एम.ए. लपवलं होतं.

चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा द्यायचं मी ठरवलं. मला ती हवी होती. का हवी होती हे कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. पगारवाढ नव्हती, नोकरी नव्हती. वीस वर्षांपूर्वी बी.ए.चा निकाल आणि लग्नाची तारीख एकाच महिन्यात आली होती, आणि तेव्हापासून काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटत होतं, एवढंच. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, भर की फॉर्म, पण आईला तू सांग. मी म्हटलं, तुमची आई, तुम्ही सांगा. दोघांनीही मोठ्या मनानं तो मान एकमेकांना दिला, आणि आत्याबाईंना कुणीच सांगितलं नाही.

एक पेपर एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीचा होता. नेमलेलं पुस्तक बाजारात मिळेना. आष्टीच्या एका ग्रंथालयात एकच प्रत निघाली, तीही हात लावला की कोपरे गळणारी. घरी नेता येणार नाही म्हणाले. मग तिथंच समोरच्या दुकानात सगळं पुस्तक झेरॉक्स केलं. पुस्तक उघडं ठेवून यंत्रावर पालथं घातलं की दोन पानं शेजारीशेजारी एकाच आडव्या कागदावर उतरतात. शे-दीडशे आडवे, सुटे, शिवण नसलेले कागद झाले. खण फाडून त्यात गुंडाळले आणि आणून फळीवर ठेवले.

आता आडवी, सुटी, तांबड्या खणात बांधलेली पानं देवघरात दिसली तर आमच्याकडची कुठलीही बाई त्याला काय म्हणेल?

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी फळी झाडली. मी दळण घेऊन आले तर खण सोडलेला, वरच्या पानाला विभूती लावलेली, बेल वाहिलेला, आणि शेजारपाजारच्या सहा-सात बायकांना निरोप गेलेला. आमच्याकडे श्रावणभर रोज दुपारी पोथी असते आणि ती वाचायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडं आहे. यंदा सुनेनं नवी पोथी आणली, तीच लावू, असं आत्याबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. वर मलाच रागावल्या, एवढी मोठी पोथी आणली आन् सांगितलं बी न्हाई म्हणून.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. भीती होती हे खरं, पण त्याहून मोठी होती हाव. रोज दुपारी दीड तास अभ्यास, तोही पाटावर बसून, सगळ्यांच्या देखत, आणि मधे कुणी चहा सांगायचा नाही. अशी सोय वीस वर्षांत मला कुणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले, नमस्कार केला आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण पोथीच्या चालीत वाचायला लागले.

गोष्ट अशी होती. एका कसब्यात एक सून. नवरा मोजणी खात्यात कारकून, सहा महिने फिरतीवर. त्याची पत्रं शेजारच्या म्हाताऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात आणि म्हातारा ती वाचता वाचता गावभर करतो, म्हणून नवरा तिला अक्षरं शिकवतो. ती पत्रं वाचायला लागते, मग लिहायला. मग गल्लीतल्या बायका आपापली पत्रं तिच्याकडून लिहून घेतात. पुढं दोन कोसांवरच्या गावात मुलींची शाळा निघते आणि तिथं शिकवायला या म्हणून तिला बोलावणं येतं.

त्या पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या असतील, आत्याबाई म्हणाल्या, "लई सोपी पोथी हाय ही. पैल्यांदाच समजून ऐकती मी."

मी मान वर न करता वाचत राहिले. बायका रमल्या. देव कधी येणार असं सुरुवातीला एकदोघींनी विचारलं. नायिकेचं बोट पहिल्यांदा पाटीवर फिरलं त्या दिवसापासून कुणी विचारलं नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी येत. त्या दहावी झालेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दाराशी गाठलं आणि हळूच म्हणाल्या की ही कादंबरी आहे हे त्यांना कळलंय. माझा चेहरा बघून त्यांनीच धीर दिला. म्हणाल्या, मी नाही सांगणार. पुढं काय होतं ते मलाही ऐकायचंय.

वहिनींच्या मनात मात्र एक गोष्ट खुपत होती. एके दिवशी वाचन संपल्यावर त्यांनी ती सर्वांपुढं मांडली. अक्षर नवऱ्यानं शिकवलं, दौत नवऱ्यानं आणली, शाळेत जायचं तर परवानगीही नवऱ्याचीच हवी. मग या बाईचं स्वतःचं काय? मी पानं बांधता बांधता थांबले, कारण माझ्या मार्गदर्शक पुस्तकात याच मुद्द्यावर दोन पानं होती आणि ती मला तीनदा वाचूनही कळली नव्हती.

आत्याबाई विभूतीची डबी मिटत म्हणाल्या, "पातेलं आमच्या दुकानातून नेलं म्हणून कुणाच्या घरची भाजी आमची होती का? त्यानं अक्षर दिलं. पत्रं तिनं लिवली."

त्या दोन पानांत इतकं स्वच्छ कुणी लिहिलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ते वाक्य दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या पाठीवर टिपून ठेवलं.

मग आलं ते प्रकरण. शाळेचं बोलावण्याचं पत्र नायिकेच्या सासूच्या हाती पडतं आणि ती ते तांदळाच्या कणगीत दडवते. पंधरा दिवस. सून शाळेच्या निरोपाची वाट बघतेय आणि पत्र तांदळाखाली. त्या दिवशी आमच्या पडवीत जो गलका झाला तो दुकानात गिऱ्हाइकाला ऐकू गेला. आमचे हे भांडण समजून आत डोकावून गेले. सगळ्यांत जास्त संतापल्या होत्या आत्याबाई. दुसऱ्याला आलेलं बोलावणं दडवून ठेवणारी बाई, तिला काय मिळालं असं करून, असं त्या संध्याकाळी भाकरी थापतानाही म्हणत होत्या. त्यांनी त्या सुनेच्या नावानं एक नारळही बोलला. तिचं पत्र सापडलं तर महादेवाला फोडीन. पुढच्या प्रकरणात पत्र सापडलं, आणि आत्याबाई खरोखरच देवळात जाऊन नारळ फोडून आल्या. खोबरं मीही खाल्लं. दुसरा तुकडा मात्र घेतला नाही.

कारण त्याच सकाळी माझ्या फोनवर वेळापत्रक आलं होतं. आषाढात होणारी परीक्षा लांबली होती, गणपतीनंतर होईल असं मी गृहीत धरलं होतं. विद्यापीठानं ती श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात टाकली. केंद्र बीड.

आणि आमच्या घरचा नियम असा, की पोथीला बसलेल्या बाईनं समाप्तीपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. एका वर्षी माझ्या चुलतबहिणीचं लग्न याच नियमापायी हुकलं होतं. कादंबरीत सासूनं सुनेचं पत्र दडवलं होतं. आमच्या घरात सुनेनंच स्वतःचं बोलावणं सासूपासून दडवलं होतं, आणि वर स्वतःच्या हातानं स्वतःला शिवेच्या आत कोंडून घेतलं होतं. पोथी म्हणून बसले नसते तर काहीतरी सबब सांगून बीडला जाता तरी आलं असतं.

पहिला उपाय मी केला तो म्हणजे पळवणं. रोज एकाच्या जागी दोन-दोन, अडीच-अडीच प्रकरणं वाचायला लागले, म्हणजे परीक्षेआधी समाप्ती. घसा बसला. बायका कुरकुरायला लागल्या. एक जण म्हणाली, काल ती रडली का हसली तेच समजलं नाही. आत्याबाईंनी सरळ सांगितलं की पोथी पळवत नसतात, एका दिवसाला एकच अध्याय, समाप्ती महिनाअखेरीलाच होईल.

परीक्षा चार दिवसांवर आली. ह्यांना म्हटलं, आता तरी सांगा. हे म्हणाले, आता तर तूच सांग, विभूती लावलेल्या कागदांचं मला काही झेपणार नाही. आणि दुकानात जाऊन तराजूची साखळी दुरुस्त करायला लागले, जी बिघडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई सुपात बेलाची पानं निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. सांगायचं वाक्य मी पाठ केलं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"आत्याबाई, ती पोथी न्हाई. गोष्टीचं पुस्तक हाय. माझी परीक्षा हाय त्याच्यावर, बीडला, तीन दिवसांनी."

त्यांचे हात थांबले नाहीत. तीन दलं अखंड असलेली पानं एकीकडं, तुटकी एकीकडं. मी म्हणत होते, की चूक माझी आहे, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, हवं तर आजपासून जुनी पोथी लावू, मी परीक्षेला जात नाही. शेवटचं म्हणताना मी तुटकी पानं गोळा करायला लागले, कारण ते अजिबात खरं नव्हतं. मला जायचं होतं. इतकं मला गेल्या कित्येक वर्षांत कुठंच जायचं नव्हतं.

शेवटचं पान निवडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे ती बाई खरी न्हाई?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मंग म्या नारळ फोडला तो कुणाला पोचला?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मार्गदर्शकात नव्हतं. मी म्हटलं, तशा बायका तेव्हा पुष्कळ होत्या, लिहिणाऱ्यानं त्यांच्यातलीच एक घेतली असेल.  त्या सूप उचलून देवघरात गेल्या आणि दुपारपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या माझ्यावर फसवलं म्हणून रागावल्यात, की ती सून खरी नाही याचं त्यांना दुःख झालंय, हे मला कळेना.

दुपारी बायका यायची वेळ झाली. मी जुनी पोथी खाली काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवली आणि झेरॉक्सचं गाठोडं पाटावर मांडलं.

"गोष्ट म्हणून सांगितली असती तर म्या ऐकली नसती का?" एवढं त्या म्हणाल्या.  प्रामाणिक उत्तर द्यायचं तर त्या ऐकणार नाहीत असंच मला वाटलं होतं, आणि ते वाटणं त्यांना लागलं होतं. मग त्या पाट सरळ करत म्हणाल्या, "इबूत लावलीया म्या. पोथी असू दे न्हाईतर गोष्ट, लावलेलं मधी सोडायचं न्हाई. वाच."

मी वाचलं. पण मनात म्हटलं, झालं, परीक्षा गेली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, बीडची गाडी सकाळी किती वाजता असते. ह्यांनी घास तसाच धरून ठेवला. आत्याबाईंनी सबंध दुपार तो नियम उलटापालटा करून बघितला होता. शीव का म्हणून ओलांडायची नाही, तर पोथी एकीकडं आणि वाचणारी दुसरीकडं राहू नये म्हणून. पोथीच सोबत निघाली आणि ऐकणारीही सोबत निघाली, तर मोडलं काय? सहाला, असं म्हणून ह्यांनी हातातला घास एकदाचा खाल्ला. बायकांना त्यांनी निरोप दिला की तीन दिवसांनी पोथी बीडला चाललीय, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन अध्याय होतील.

सकाळी सहाच्या गाडीला आम्ही दोघी बसलो. गाठोडं आत्याबाईंच्या मांडीवर. मी खिडकीशी नेहमीसारखी पोट धरून, वर परीक्षेची धास्ती. त्यांनी आवळासुपारी दिली, शेंगदाण्याची पुडी सोडली, आणि लागणारं प्रत्येक गाव मला सांगितलं.

केंद्रावर माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरं. फाटकावरच्या शिपायानं आत्याबाईंच्या हातातले कागद बघून हटकलं, की नेमलेल्या पुस्तकाच्या प्रती आवारात चालणार नाहीत. आत्याबाईंनी शांतपणे वरच्या पानावरची विभूती त्याला दाखवली आणि पोथी आहे म्हणून सांगितलं. त्यानं नमस्कार केला. आत्याबाई आवारातल्या कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसल्या.

पेपरात प्रश्न होता, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत विवाहित स्त्रीचं स्वातंत्र्य कसं वाढत गेलेलं दिसतं. मी लिहीतच सुटले. ते स्वातंत्र्य नवऱ्याच्या हातून कसं येतं हे लिहिलं, ती शिवणकामवाल्या वहिनींची शंका. मग काही श्रोत्यांच्या मते देणाऱ्याचं देणं तिथंच संपतं आणि करणारीचं करणं पुढं सुरू होतं, असं लिहून पातेल्याचा दाखलाही दिला. श्रोते कोण ते लिहिलं नाही. तीन पुरवण्या झाल्या.

बाहेर आले तर आत्याबाईंनी पारावर माझी जागा झाडून ठेवली होती. दिवसाचा अध्याय राहिला होता. मी तिथंच बसून वाचला. माझ्या शेजारच्या बाकावर पेपर दिलेल्या दोन पोरी उभ्या राहून ऐकायला लागल्या. पेपर तर झाला होता, तरी बसल्या. एकीनं मला हळूच विचारलं की ही नेमलेलीच कादंबरी ना, आपण नुसत्या नोट्स वाचल्या होत्या, गोष्ट एवढी चांगली आहे हे माहीतच नव्हतं.

परतीच्या गाडीत आत्याबाईंनी एकाही गावाचं नाव सांगितलं नाही. शेंगदाण्याची पुडी उघडली नाही. आष्टी गेल्यावर म्हणाल्या, "पुढल्या पेपराला एकटीच जा. मला एसटी लागती. पोथी संगं ने, म्हंजे झालं." आणि पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसल्या. मला फार वाईट वाटलं. या वयात आपल्यापायी म्हातारीला तीन तास हादरे, असं मनात आलं.

पुढच्या पेपरला मी एकटी निघाले. मांडीवर गाठोडं, शेजारची सीट रिकामी. बीड जिल्ह्यात जन्म जाऊनही एकटीनं बीडला जायची ती माझी पहिली वेळ होती. आजवर वडील, भाऊ, हे, नाहीतर आत्याबाई, कुणी ना कुणी बरोबर होतंच. पोटात ढवळलं तसं पिशवीत हात घातला. आत आवळासुपारीची डबी होती, मी न ठेवलेली. ती हातात घेतली आणि एकदम उमगलं, की ज्या बाईला एसटी लागते तिनं चाकावरच्या सीटवर बसून आयुष्यभर खारे शेंगदाणे कसे खाल्ले? मी भर गाडीत हसले. मग डोळे पुसले. कंडक्टरनं विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, लई बरं वाटतंय.

राहिलेल्या तिन्ही पेपरांना मी एकटीच गेले आणि परत येऊन दिवेलागणीला अध्याय वाचले.

समाप्तीच्या दिवशी पडवी भरली होती. शेवटच्या प्रकरणात नायिका शाळेच्या गावाला निघते. दारात बैलगाडी उभी आहे, पण फिरतीवरच्या नवऱ्याचं होकाराचं पत्र यायचंय. ती उंबऱ्यात थांबते. टपालवाला येतो, होकार असतो, ती गाडीत चढते. संपलं. वहिनींना ते अजिबात आवडलं नाही. पत्र आलंच नसतं तर, असं त्यांनी विचारलं.

"गेली असती," आत्याबाई म्हणाल्या. "गाडी जुपून उभी व्हती की."

मग त्यांनी रीतीप्रमाणे गाठोड्याला डोकं टेकलं, वाचणारी म्हणून माझी ओटी भरली. मी पाया पडायला वाकले आणि इतर बायका प्रसादाकडं वळल्याचं बघून हळूच विचारलं, "आत्याबाई, यंदा नारायणगडाचं कसं करायचं? तुमाला तर एसटी लागती."

त्यांनी माझ्या कपाळावर विभूती ओढली, जरा जास्तच दाबून.

"गडाला जाताना न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "बीडला जातानाच लागती."

आमच्या कड्याहून नारायणगडाला जायचं तर आधी बीडलाच उतरावं लागतं, त्याच गाडीनं.